रतामाच्या झाडाखाली
परीक्षेच्या दिवसांतील विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ

वाचन : १ राजे १९:१-१८, निर्गम १८:१३-२६

उद्देश : थकलेल्याला आधी विसावा व मग बोध, हा देवाचा क्रम समजून घेणे; आणि परीक्षेच्या दिवसांत आपल्या वर्गात तो पाळणे.



नाताळची नाटुकली व गाणी आटोपली, नववर्षाची उपासना झाली, की रविवारच्या शाळेला ओहोटी लागते. सिल्वासा व त्याच्या आसपास हे दरवर्षी दिसते. माघ-फाल्गुनात दमणगंगेच्या काठी पहाटे गारठा असतो आणि दुपारी उन्हाचे चटके बसतात. शाळांतून सराव परीक्षा, प्रात्यक्षिके व वह्या पूर्ण करण्याची घाई चाललेली असते. केंद्रीय मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतात. शेजारच्या गुजरात व महाराष्ट्राच्या मंडळांच्या परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. खालच्या इयत्तांच्या वार्षिक परीक्षा त्यांच्या मागोमाग असतात. मग वर्गातील निम्म्या जागा रिकाम्या राहतात, आणि जी मुले येतात ती जांभया देतात. शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आठवडाभर शाळेत शिकवतात, रात्री उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासतात आणि रविवारी पुन्हा फळ्यापुढे उभे राहतात.

अशा वेळी मंडळ्यांत दोनच उपाय योजले जातात. एक, रविवारची शाळा एप्रिलपर्यंत बंद ठेवणे. दुसरा, मुलांना अधिक उपदेश करणे : आळस सोडा, जास्त प्रार्थना करा, पहाटे उठा. पहिल्या उपायाने मूल नेमके गरजेच्या वेळी एकटे पडते. दुसऱ्याने त्याच्या पाठीवर आणखी एक ओझे चढते. पवित्र शास्त्रात तिसरी वाट दाखवली आहे, आणि ती एलीयाच्या कथेत आहे.

१. एलीया का खचला?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की एलीया पराभवानंतर खचलेला नाही. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाला, पाऊस पडला, अहाबाच्या रथापुढे तो इज्रेलपर्यंत धावत गेला. त्यानंतर ईजबेलेचा एक निरोप आला आणि हा धैर्याचा पुरुष पळत सुटला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकरालाही मागे ठेवले. एक दिवसाची वाट एकट्याने चालून तो रतामाच्या झाडाखाली बसला आणि त्याने मरण मागितले.

त्याच्या बोलण्यात तीन गोष्टी आढळतात. त्याची शक्ती संपली आहे. आपण पूर्वजांहून काही बरे नाही, म्हणजे आपल्या हातून काहीच झाले नाही, असे त्याला वाटते. आणि आपण एकटेच उरलो आहोत, सारे व्यर्थ गेले, अशी त्याची समजूत झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात कामाच्या दीर्घ ताणाने येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणे नोंदवली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असे वाटणे. एलीयाच्या स्थितीशी ही लक्षणे किती जुळतात ते वर्गात फळ्यावर लिहून दाखवावे.

यावरून पहिला धडा असा की थकवा म्हणजे नेहमीच आळस नव्हे, आणि अविश्वासही नव्हे. वर्षभर इमानाने काम केलेला माणूसही वर्षाच्या शेवटी रिकामा होतो.

२. आधी भाकर, मग प्रश्न

आता देवाने काय केले ते क्रमाने पाहा. दूताने त्याला स्पर्श करून उठवले. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी त्याच्या उशाशी ठेवले होते. तो जेवला व पुन्हा झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा जागे केले, पुन्हा खाऊ घातले, आणि पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे हे मान्य केले. चाळीस दिवसांचा प्रवास करून होरेबास पोहोचल्यावरच, तू येथे काय करतोस, असा प्रश्न आला. तोही रागाने नव्हे. एलीयाने तेच रडगाणे दोनदा गायिले व देवाने दोन्ही वेळा ते ऐकून घेतले. वारा, भूकंप व अग्नी यांच्यानंतर अगदी हलका आवाज आला. पुढचे काम मिळाले. अलीशासारखा सोबती मिळाला. आणि तो एकटा नाही, आणखी सात हजार आहेत, हेही कळले.

झोप, अन्न, वाट, प्रश्न, काम, सोबत : असा हा क्रम आहे. आपण पुष्कळदा प्रश्नापासून आरंभ करतो. गेल्या रविवारी का आला नाहीस? वचन पाठ का नाही? या मुलाने रात्री काय खाल्ले, तो किती तास झोपला, हे विचारायचे राहूनच जाते.

३. आपल्या मुलांचा थकवा ओळखावा

दादरा व नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेप्रमाणे अर्ध्याहून अधिक लोक आदिवासी आहेत : वारली, कोकणा, धोडिया, काथोडी इत्यादी. शिवाय कारखान्यांमुळे दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे राहतात. एखादे मूल घरी वारली बोलते, प्रार्थनेत मराठी ऐकते, बाजारात गुजराती, गल्लीत हिंदी, आणि पुस्तक कदाचित इंग्रजीत असते. त्याला प्रश्नपत्रिकेतील प्रश्न आधी मनातल्या मनात आपल्या बोलीत न्यावा लागतो व मग उत्तर परत आणावे लागते. हे कष्ट गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

वडील रात्रपाळीला असले तर एका खोलीच्या घरात दिवसा ते झोपतात आणि मुलाला वाचायला जागा उरत नाही. खानवेलकडच्या पाड्यांतून येणाऱ्या मुलाचा बराच वेळ वाटेतच जातो. वसतिगृहातील मुलाला घरची आठवण येते, आणि होळीच्या सुमारास, सारे गाव नाचत असताना, ती अधिकच येते.

आणखी एक गोष्ट शिक्षकाने विसरू नये. आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सतत थकणारे, हाडे-सांधे दुखतात म्हणणारे, डोळे पिवळसर दिसणारे मूल आळशी ठरवण्याआधी आईबापांना सांगून सरकारी दवाखान्यात त्याच्या रक्ताची तपासणी करवावी. असा आजार असलेल्या मुलाला थंडी, तहान व अतिश्रम यांनी वेदना उठू शकतात. त्याने परीक्षेला जाताना पाण्याची बाटली व स्वेटर नेणे हे लाड नव्हेत.

४. वर्गात काय करावे?

रविवारची शाळा थकलेल्या मुलांसाठीच निघाली हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रकाराने १७८० साली अशी शाळा काढली ती सहा दिवस कामावर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. तेव्हा कारखान्यांच्या गावातील आपण त्या कार्याचे खरे वारस आहोत.

या दोन महिन्यांत वर्ग बंद करू नये, आखूड करावा. अर्धा तास पुरे. एक गीत, एक गोष्ट, प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना. पाठांतराच्या स्पर्धा व बायबल परीक्षा जूननंतर ठेवाव्यात. सकाळी उपाशी आलेल्या मुलांसाठी चहा-पाव, केळी किंवा उकडलेले चणे यांची सोय महिला मंडळाने पाळीपाळीने करावी. ही आपली निखाऱ्यांवरची भाकर होय. लेंटच्या काळात मोठ्यांनी उपवास जरूर करावा. परीक्षेस बसणाऱ्या मुलावर त्याची सक्ती करू नये.

झोपेविषयी पालकांशी स्पष्ट बोलावे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असे वैद्यकशास्त्र सांगते. वाचलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेतही चालू असते. रात्रभर जागून सकाळी पेपरला बसणारे मूल कमावलेलेही गमावते.

अभ्यासाची एक सोपी रीतही मुलांना दाखवता येईल. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून पुस्तक मिटले व आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून धडा वाचावा, पुस्तक मिटावे, आणि धाकट्या भावंडाला तो आपल्या बोलीत सांगून पाहावा. याला पैसे लागत नाहीत व शिकवणीही लागत नाही.

जे मूल येत नाही त्याच्याकडे आपण जावे. सिल्वासाहून फार लांब नसलेल्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हेच केले. १९४५ साली बोर्डीत आरंभलेले त्यांचे कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण घरी भावंडे सांभाळायची असतात व गुरे चारायची असतात, हे ओळखून त्यांनी शाळाच अंगणात नेली व कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो तो त्या कामातून. आपल्याला शाळा न्यायची नाही. दहा मिनिटे दारात उभे राहून, पेपर कसा गेला, एवढे विचारायचे आहे.

५. शिक्षकाने स्वतःकडेही पाहावे

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्याला सावध केले. असे करशील तर तूही झिजशील व लोकही झिजतील, असा त्याच्या सल्ल्याचा मतलब होता. उपाय साधा होता : विश्वासू माणसे निवड व काम वाटून दे.

जे शाळेतही शिकवतात त्यांना फेब्रुवारी-मार्चमधील किमान दोन रविवार मंडळीने मोकळे द्यावेत. त्या दिवशी वर्ग घेण्यास महाविद्यालयातील तरुण, निवृत्त परिचारिका किंवा एखादे वडील पुरेसे आहेत. गोष्ट सांगायला पदवी लागत नाही. आणि शिक्षकानेही, माझ्यावाचून वर्ग चालणार नाही, हा समज सोडावा. एलीयालाही आपण एकटेच आहोत असे वाटत होते. ते खरे नव्हते.

६. मरणाची भाषा कानी आली तर

हा भाग गांभीर्याने वाचावा. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिल्याची सरकारी नोंद आहे. कारणे अनेक असतात, परीक्षा हे त्यांपैकी एकच. पण ख्रिस्ती घरांत असे होत नाही असे मानून कोणी निश्चिंत राहू नये. एलीयाने मरण मागितले ही गोष्ट शास्त्राने झाकून ठेवली नाही, आणि देवाने त्याबद्दल त्याला दटावलेही नाही.

एखादे मूल, मी नसलो तर बरे, असे बोलू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, किंवा एकाएकी अबोल झाले, तर त्याला एकीकडे घेऊन सरळ विचारावे की मरणाचे विचार मनात येतात का. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. अशा मुलाला एकटे सोडू नये. गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. घरच्यांना व पाळकांना त्याच दिवशी सांगावे व डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते, आणि तेथे मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत.

निकालाच्या रविवारी आपण पहिल्या आलेल्यांची नावे वाचतो व बक्षिसे देतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच बाकावर नापास झालेले मूलही बसलेले असते, किंवा त्या दिवशी ते उपासनेला आलेलेच नसते. पाचवी व आठवीत अडलेल्या मुलाला जादा शिकवून निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेस बसवण्याची तरतूद २०१९ सालच्या कायद्यात आहे. दहावी-बारावीलाही पुरवणी परीक्षा असते. राज्याचा कायदा दुसरी संधी देतो, तर मंडळीने ती देण्यात मागे राहू नये. निकालाच्या संध्याकाळी वडीलमंडळींनी आधी त्या मुलाच्या घरी जावे. अभिनंदनाच्या भेटी दुसऱ्या दिवशीही देता येतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. देवाने एलीयाला प्रश्न विचारण्याआधी कोणत्या गोष्टी दिल्या? त्यांपैकी कोणती आपल्या वर्गात देता येईल?

२. आपल्या वर्गातील कोणती मुले जानेवारीपासून आलेली नाहीत? त्यांच्या घरी कोण व कोणत्या वारी जाणार?

३. आपल्या मंडळीत इथ्रोचे काम कोणी करावे? कोणत्या शिक्षकाला या महिन्यात विसावा हवा आहे?

४. नापास होण्याविषयी आपल्या घरात व मंडळीत कोणते शब्द वापरले जातात? त्यांपैकी कोणते टाकून द्यावेत?

प्रार्थना : हे प्रभू, थकलेल्याच्या उशाशी भाकर ठेवणारा तू आहेस. आमच्या मुलांना या दिवसांत शांत झोप, स्वच्छ आठवण व निर्भय मन दे. त्यांना शिकवणाऱ्यांना विसावा दे. आणि जो कोणी झाडाखाली एकटा बसला असेल, त्याच्याकडे आम्हांला वेळेवर पाठव. आमेन.