काचेच्या घरातील गप्पी

‘गप्पी’ हे नाव ऐकले, की हा मासा फार गप्पा मारीत असावा, असे एखाद्याला वाटेल. परंतु या नावाचा गप्पांशी काहीएक संबंध नाही. हा मासा मूळचा त्रिनिदाद बेटावरचा आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील ओढ्यानाल्यांचा रहिवासी. रॉबर्ट गप्पी नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे पाठविले आणि तेथील आल्बर्ट ग्युंटर या शास्त्रज्ञाने १८६६ साली माशाला त्यांचेच नाव दिले. वास्तविक व्हिल्हेल्म पेटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ सालीच त्याचे वर्णन केले होते. त्यामुळे शास्त्रीय नाव पुढे बदलले. पण लोकांच्या तोंडी ‘गप्पी’ हेच नाव राहिले.

डासांच्या अळ्या हे गप्पीचे आवडते खाद्य. म्हणून महाराष्ट्रात डासांना आळा घालण्यासाठी आरोग्यखात्याकडून हे मासे साठलेल्या पाण्यात सोडले जातात. घरातील काचेच्या पेटीतही ते सहज पाळता येतात. नर जेमतेम तीन सेंटिमीटर लांब. पण त्याच्या पसरट शेपटीवर इंद्रधनुष्याचे रंग खेळत असतात. मादी त्याच्याहून मोठी, परंतु साध्या करड्या रंगाची असते.

बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पीची मादी मात्र जिवंत पिल्लांना जन्म देते. अंडी तिच्या पोटातच वाढतात आणि सुमारे चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. एका वेळी वीस-पंचवीस पिल्ले होतात. कधी याहूनही अधिक. ती जन्मताच पोहू लागतात. परंतु मातेची माया येथे शोधू नये. भुकेली मादी आपलीच पिल्ले गिळून टाकते! म्हणून पेटीत हायड्रिलासारख्या पाणवनस्पती दाट लावाव्यात. त्यांच्या आडोशाला पिल्ले जीव वाचवितात.

मासे पाळण्याची हौस पुष्कळांना असते. पण त्या हौसेपायीच कित्येक मासे प्राणाला मुकतात. एखादा मुलगा बाजारातून मासे आणतो आणि लहानशा गोल भांड्यात ठेवतो. मासे काचेजवळ आले, की ते भुकेले आहेत असे समजून तो दिवसातून पाच-सहा वेळा खाद्य टाकतो. रोज सगळे पाणी ओतून भांडे घासून लख्ख करतो. इतकी काळजी घेऊनही आठवडाभरात मासे पाण्यावर निपचित तरंगू लागतात. बिचाऱ्याला वाटते, आपले काय चुकले?

त्याचे उत्तर पाण्यातच आहे. माशांच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या खाद्यापासून पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. पेटीतील वाळूवर आणि दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वाढतात. ते या विषाचे रूपांतर कमी घातक पदार्थात करतात आणि तो पदार्थ वनस्पती शोषून घेतात. खाद्य अधिक झाले, की विष वाढते. सगळे धुऊन काढले, की विष नाहीसे करणारे हे जीवाणूच कमी होतात.

म्हणून पेटी मोठी आणि रुंद तोंडाची असावी. कारण हवेतील प्राणवायू पृष्ठभागातूनच पाण्यात मिसळतो. आरंभी दोन-तीनच मासे ठेवावेत. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून दोनदा द्यावे. आठवड्यातून एकदा सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना बाधतो. यासाठी ते पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरावे. पेटीवर झाकण असावे, नाहीतर मासे उडी मारून बाहेर पडतात.

पिल्ले भराभर वाढतात आणि पेटीत दाटी होते. तेव्हा दया येऊन काही जण मासे नदीत सोडतात. ही दयाही घातकच ठरते. तेथे हा परदेशी मासा झपाट्याने वाढतो, देशी माशांचे अन्न पळवितो आणि त्यांची पिल्लेही खातो. जादा मासे मासे पाळणाऱ्या दुसऱ्याला द्यावेत, अथवा नर आणि माद्या प्रथमपासूनच वेगळ्या ठेवाव्यात.

काचेच्या घरातील माशाला आपले अन्न शोधता येत नाही की घाण पाणी सोडून जाता येत नाही. त्याचे सारे जीवन पाळणाऱ्याच्या हाती असते. त्या हातांत माया तर हवीच. पण केव्हा हात आवरावा याचे ज्ञानही हवे.

स्वाध्याय

१. या माशाला ‘गप्पी’ हे नाव कसे मिळाले?
२. काळजी घेऊनही मुलाचे मासे का मेले?
३. कारणे द्या : (अ) पेटीत पाणवनस्पती लावाव्यात. (आ) गप्पी मासे नदीत सोडू नयेत.
४. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत उपयोगात आणा : आळा घालणे, प्राणाला मुकणे, हात आवरणे.