घटकराज्याला केंद्राचा कायदा रद्द करता येईल काय?

अमेरिकेत घटकराज्ये श्रेष्ठ की मध्यवर्ती सरकार श्रेष्ठ, या वादाचा विचार आपण बहुधा १८६१ च्या यादवी युद्धापासून सुरू करतो. परंतु हा वाद त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीच हातघाईवर आला होता, आणि त्याला निमित्त झाले ते जकातीचे.

१८२८ साली काँग्रेसने परदेशी मालावर भारी जकात बसविली. उत्तरेकडील कारखानदारांना तिचे संरक्षण मिळाले. कापूस विकून पक्का माल विकत घेणाऱ्या दक्षिणेला मात्र ती जाचक झाली. दक्षिण कॅरोलायनाच्या बाजूने लेखणी उचलली ती खुद्द उपाध्यक्ष जॉन कॅल्हून यांनी, अर्थात निनावी. (१८१६ च्या संरक्षक जकातीला याच गृहस्थांनी पाठिंबा दिला होता!) त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. संघ हा राज्यांनी आपसांत केलेला करार. तो मोडला की नाही हे ठरविण्याचा अधिकार करार करणाऱ्यांचा. सबब घटनाबाह्य कायदा राज्याला आपल्या हद्दीत रद्द ठरविता येतो. घटनेचे शिल्पकार जेम्स मॅडिसन तेव्हा हयात होते. आपल्या १७९८ च्या व्हर्जिनिया ठरावांचा असा अर्थ होत नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

२४ नोव्हेंबर १८३२ रोजी दक्षिण कॅरोलायनाच्या खास परिषदेने १८२८ व १८३२ चे जकात कायदे रद्दबातल ठरविले. बळजबरी झाल्यास संघातून बाहेर पडू, अशी धमकीही दिली. १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी उत्तर दिले की, संघ म्हणजे राज्यांचा तह नसून साऱ्या जनतेचे सरकार आहे, आणि शस्त्रबळाने फुटून निघणे हा देशद्रोह होय.

येथे जॅक्सन यांना तत्त्वनिष्ठ ठरविण्याची घाई करू नये. चेरोकी लोकांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला होता. जॉर्जियाने तो धाब्यावर बसविला आणि अध्यक्ष स्वस्थ राहिले, कारण चेरोकींना हलविणे हेच त्यांचेही धोरण होते. पुढे १८३८ साली त्यांना सैन्याच्या पहाऱ्यात घरेदारे सोडावी लागली.

जकातीच्या प्रश्नावर तडजोड घडवून आणली ती हेन्री क्ले यांनी. २ मार्च १८३३ या एकाच दिवशी जॅक्सन यांनी दोन कायद्यांवर सही केली. एकाने जकात १८४२ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरणार होती. दुसऱ्याने ती वसूल करण्यासाठी लष्कर वापरण्याचा अधिकार अध्यक्षांना मिळाला. दक्षिण कॅरोलायनाची परिषद पुन्हा भरली. तिने जकातीविरुद्धचा ठराव मागे घेतला, आणि उठण्यापूर्वी हा लष्कराचा कायदा रद्दबातल ठरवून टाकला.