खेळणी आणि अपरिग्रह

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह असे पाच यम सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा यम आपण बहुधा संन्याशांकडे सोपवून मोकळे होतो. परंतु ज्या घरात लहान मूल आहे, तेथे त्याची गाठ रोजच पडते.

वडिलांबरोबर बारशास वा वास्तुशांतीस हुबळी-धारवाडच्या पुष्कळ घरी जाण्याचा योग आम्हांस येतो. चौरंग मांडण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या मोटारी, बंदुका व हात तुटलेल्या बाहुल्या बाजूस साराव्या लागतात. (विघ्नहर्त्याच्या आवाहनाआधीचे हे विघ्न आम्हांसच दूर करावे लागते!) घरची माउली ओशाळून म्हणते, "काय करू, गुरुजी? नको म्हटले तर माणसे दुखावतात."

खरी अडचण येथेच आहे. खेळणी दुकानातून येतात, पण प्रेमाच्या हातांनी येतात. बंगळूरास नोकरीवर असलेला काका सहा महिन्यांनी येतो आणि न दिलेल्या वेळेची भरपाई मोठ्या खोक्याने करतो. आजोबांना आपल्या बालपणी जे मिळाले नाही, ते नातवास द्यावयाचे असते. पूर्वीची मुले थोडक्यात सुखी होती, हा उपदेश त्यांना ऐकविणे आम्हांस रुचत नाही. त्यांतील कित्येकांना दुसरा पर्यायच नव्हता.

व्यासभाष्यात वस्तू मिळविणे, राखणे व ती नाहीशी होणे या प्रत्येकात दोष पाहण्यास सांगितले आहे. मुलाचेच पाहा: मिळविण्यासाठी हट्ट, राखण्यासाठी धाकट्या बहिणीशी भांडण आणि मोडले की आकांत! शिवाय खेळ होतच नाही. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 36 बालकांपुढे एकदा 4 व एकदा 16 खेळणी ठेवण्यात आली. चारच असताना मुले एकेका खेळण्यात अधिक वेळ रमली व त्याच्याशी अधिक प्रकारे खेळली.

याचा अनुभव आपल्या प्रांती ज्येष्ठ अमावास्येस येतो. मण्णेत्तिन अमावास्येसाठी मातीचे बैल घडविताना मूल तासन् तास गुंतते. शिंग मोडले तर ओल्या मातीने ते पुन्हा बसविते. नव्या बैलासाठी दुर्गदबैलच्या बाजारात जाण्याचा हट्ट धरीत नाही.

काही आईबाप मूल निजल्यावर खेळणी गुपचूप टाकून देतात. हा मार्ग आम्हांस मुळीच मान्य नाही. अपरिग्रह शिकविताना अस्तेयच मोडते, आणि सकाळी मूल विचारू लागले की सत्यही! त्यापेक्षा मुलास विचारून चार-पाच खेळणी बाहेर ठेवावीत, बाकीची पेटीत घालावीत व महिन्याने बदलावीत. वाढदिवस, बोरन्हाण यांपूर्वी नातलगांस मोकळेपणाने सांगावे की, या खेपेस खोके नको. मुलास नुग्गीकेरीच्या मारुतीस घेऊन जा, किंवा एक किन्नाळचे लाकडी खेळणे पुरे. हे सांगताना बापाने आपला जुना फोन धड असता नवा घेतला नसावा. मुले तेही पाहत असतात.

पेटीतले जे मुलास नकोसे झाले असेल, ते त्याच्याच हातून अंगणवाडीस द्यावे. मोडके मात्र देऊ नये. तेथील मुलांनाही चारही चाके असलेली मोटारच हवी असते.