सड्यावरचा गेंद

उन्हाळ्यात देवगडचा सडा ओसाड भासतो. तापलेल्या जांभ्या दगडावर पाय ठेववत नाही. परंतु पावसाच्या सरी कोसळल्या की त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साचते आणि त्या ओलीत गेंदाची रोपे उगवतात. बारीक देठ आणि त्याच्या टोकाला पांढरे बोंड, एवढाच त्याचा थाट. पाऊस सरला, पाणी आटले, की रोप वाळते आणि खसखशीच्या दाण्याहूनही बारीक बिया मागे ठेवून नाहीसे होते.

गेंदाच्या अनेक जाती आहेत. त्या दिसायला इतक्या सारख्या असतात की जाणत्यांचाही गोंधळ उडतो. त्यांना ओळखण्याची एक महत्त्वाची खूण बीच्या सालीवर असते. ती साध्या भिंगातून नीट दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

१९३१ साली जर्मनीत माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने सूक्ष्म वस्तू पाहण्याचा मार्ग दाखवला. पुढे वस्तूच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवून चित्र उमटवणारे यंत्र तयार झाले. हवेच्या कणांनी हा झोत विखुरतो, म्हणून यंत्रातील हवा काढून टाकतात. अशा निर्वात जागेत ओली पाकळी ठेवली, तर तिच्यातील पाणी झपाट्याने उडून जाते आणि उन्हात वाळलेल्या आमसुलासारखी ती आक्रसते. म्हणून ओल्या भागांतील पाणी आधी युक्तीने, आकार न बिघडवता काढावे लागते. वाळलेल्या बीला तो खटाटोप लागत नाही.

तरीही तिची तयारी जपूनच करावी लागते. प्रथम मऊ कुंचल्याने तिच्यावरील धूळ झाडतात. नाहीतर धुळीचा कणच सालीवरील नक्षी वाटायचा! मग धातूच्या लहानशा बैठकीवर चिकटपट्टी लावून तीवर बी बसवतात. कोरड्या बीमधून वीज वाहत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन तिच्यावर साचतात आणि चित्र विस्कटते. यावर उपाय म्हणून बीवर सोन्याचा मुलामा देतात. तो जाड झाला तर नक्षी बुजेल; म्हणून त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाच्या आसपास ठेवतात. एवढे झाले म्हणजे त्या क्षुद्र बीवर चौकटींची रेखीव रांग आणि त्यांच्या कडांवरील सूक्ष्म तंतू स्पष्ट दिसू लागतात. जातीजातींत ही नक्षी निराळी असते.

मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेली आणि त्यांनी वाढवलेली संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथील संशोधकांना सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेंदाची एक नवी जाती आढळली. २०२० साली तिची वार्ता सर्वत्र पोहोचली. तिचे बोंड अगदी लहान, म्हणून तिला ‘इरिओकॉलॉन पार्विसेफॅलम’, म्हणजे लहान डोक्याचा गेंद, असे नाव मिळाले.

कोकणात आज कित्येक सडे फोडून तेथे आंब्याच्या बागा उभ्या राहत आहेत, कोठे चिऱ्यांच्या खाणी निघत आहेत. बागांनी माणसाला अन्न दिले, चिऱ्यांनी घर दिले. परंतु ज्या रोपाला नावच नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला कळणार? म्हणूनच एवढीशी बी इतक्या जपणुकीने पाहावी लागते.