छोटा पडदा, जुना कॉम्प्युटर: आधी काच मोजा, मग किंमत सांगा



व्हिडिओत आपण छोटा रेट्रो कॉम्प्युटर जोडताना पाहिला. इथे त्याचेच टप्पे आणि मुख्य म्हणजे हिशोब लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. वस्तू बनवणं जमतं, पण किंमत लावताना हात कापतो, अशा प्रत्येकासाठी हा धडा आहे.

काय बनवायचं?

१९७७ साली अमेरिकेत कमोडोर पेट नावाचा कॉम्प्युटर आला. कीबोर्ड, कॅसेट रेकॉर्डर आणि ९ इंची पडदा, सगळं एकाच डब्यात. पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे एकूण १००० अक्षरं. आपण त्याची टेबलावर मावणारी छोटी प्रतिकृती करणार आहोत. एलसीडी पडदा लावला तर काम सोपं होतं, पण मग ते खेळणं दिसतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते खऱ्या काचेच्या पिक्चर ट्यूबचे. ती किंचित फुगीर काच आणि आतून उजळणारी अक्षरं, हाच तुमचा माल!

पायरी १: आधी ट्यूब, मग डबा

छोट्या ट्यूब मिळतात जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आणि पडदा असलेल्या जुन्या डोअरफोनमध्ये. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, तुमच्या गावातला टीव्ही मेकॅनिक आणि भंगारवाला, इथे विचारा.

ट्यूब हातात आल्याशिवाय डब्याचं डिझाइन करू नका. समजा, पडदा दीड इंचाचा मिळाला. मूळ पडदा ९ इंचाचा, म्हणजे प्रमाण १:६. मूळ यंत्राचे ६ सेंटीमीटर तुमच्याकडे १ सेंटीमीटर होतात. फक्त एक गोष्ट या प्रमाणात लहान होत नाही, ती म्हणजे ट्यूबची मागची मान. तिची लांबी मोजून मगच डब्याची खोली ठरवा.

पायरी २: जिवाची काळजी

हा भाग घाईत वाचू नका. छोट्या ट्यूबलाही हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि वीज बंद केल्यावरही काही काळ आत चार्ज राहू शकतो. आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे काच फुटली तर तुकडे उडतात. म्हणून चष्मा आणि हातमोजे वापरा. हाय व्होल्टेजच्या सर्किटला हात लावू नका, ट्यूब आणि तिचं सर्किट एकत्रच काढा. पहिले दोन-तीन नग अनुभवी टीव्ही मेकॅनिकला पैसे देऊन त्याच्याकडूनच काढून घ्या, तुम्ही शेजारी बसून बघा. घरातला मोठा जुना टीव्ही यासाठी अजिबात उघडू नका, त्यात वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो. फुटलेल्या ट्यूब अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

पायरी ३: जोडणी

व्ह्यूफाइंडरच्या सर्किटला बहुधा तीनच मुख्य तारा लागतात: वीज, ग्राउंड आणि व्हिडिओ. किती व्होल्ट लागतात ते अंदाजाने ठरवू नका. कॅमेऱ्याची सर्व्हिस मॅन्युअल बघा किंवा मेकॅनिककडून मोजून घ्या. चित्र पाठवायला रास्पबेरी पाय झीरोसारखा छोटा बोर्ड पुरतो, कारण त्यातून जुन्या पद्धतीचा कंपोझिट व्हिडिओ काढता येतो. सेटिंगमध्ये तो चालू करा आणि भारतात विकलेल्या कॅमेऱ्याची ट्यूब असेल तर पाल पद्धत निवडा. पडद्याच्या कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून चारही बाजूंनी जागा सोडा. एकच चित्र तासन्‌तास ठेवलं तर त्याचा डाग कायमचा बसतो, तेव्हा काही मिनिटांनी पडदा आपोआप काळा होईल अशी सोय करा.

पायरी ४: नाव आणि लोगो

दुसऱ्याचा लोगो लावून विकू नका. मूळ यंत्रातला रॉम प्रोग्रॅमही परवानगीशिवाय भरून देऊ नका. आकार जुन्या काळाची आठवण करून देणारा ठेवा, पाटी मात्र स्वतःच्या ब्रँडची लावा. पुढे धंदा वाढला की हीच पाटी तुम्हाला गिऱ्हाईक आणून देईल.

पायरी ५: खरी किंमत

आता मुद्द्याचं बोलू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारभावाने बदला.

तुम्ही ३०० रुपयांना एक, असे १० जुने नग घेतले. खर्च ३००० रुपये. त्यातले ६ चालले. एक वॉरंटीसाठी बाजूला ठेवला, विकायला उरले ५. मग एका ट्यूबची किंमत किती? ३०० नाही, ६०० रुपये! बिघडलेल्या मालाचे पैसे चांगल्या मालातूनच वसूल व्हायला हवेत.

- ट्यूब: ६००
- बोर्ड, मेमरी कार्ड, पॉवर सप्लाय: ३०००
- थ्रीडी प्रिंट आणि रंग: १२००
- वायर, कनेक्टर, स्क्रू: ३००
- पॅकिंग: ४००
- मजुरी, १४ तास × २०० रुपये: २८००

बेरीज ८३०० रुपये. त्यावर तूटफूट आणि परत येणाऱ्या मालासाठी १० टक्के, म्हणजे ८३०. झाले ९१३०. त्यावर २५ टक्के नफा धरला की विक्री किंमत साधारण ११,४०० रुपये.

आता नवखा माणूस काय करतो बघा. ट्यूब ३०० धरतो, स्वतःची मजुरी धरतच नाही. बेरीज येते ५२००. त्यावर २५ टक्के लावून ६५०० ला विकतो आणि खूश होतो. प्रत्यक्षात सामानाचेच ५५०० गेलेले असतात. १४ तासांचे हातात उरले १००० रुपये, म्हणजे तासाला जेमतेम ७१. एक पार्सल फुटून परत आलं की तेही गेले.

शेवटचा नियम: मोजून ऑर्डर घ्या

अशा छोट्या ट्यूब आता बाजारात नव्याने येत नाहीत. हातात पाच असतील तर पाचच ऑर्डर घ्या. एखाद्याने २५ नगांचा ॲडव्हान्स देऊ केला तरी भुलू नका. त्याला सांगा, "साहेब, पाच या महिन्यात देतो, पुढचे ट्यूब मिळतील तसे." ॲडव्हान्स खर्च झाला आणि ट्यूब मिळाली नाही, तर पैसेही परत द्यावे लागतात आणि नावही जातं. दुसऱ्या राज्यात माल पाठवण्याआधी जीएसटी नोंदणीबद्दल आपल्या सीएला जरूर विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ: बाजारात एक फेरी मारा. काहीही विकत घेऊ नका. तीन दुकानांतून भाव काढा, नग किती आहेत ते मोजा आणि वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. येणारी किंमत देणारी पाच माणसं सापडतात का, ते विचारून बघा. सापडली तर कामाला लागा. नाही सापडली तर तुमचं भांडवल वाचलं, हेही कमी नाही!