पिन काढताना भोक सांभाळ

चि. सुहास यास,


पोकलेनच्या बकेटची पिन हलत नाही आणि मालक गॅस कटर मागवतोय, असं तू फोनवर म्हणालास. कटर येऊ दे, पण पेटवण्याआधी एवढं वाच.

पिन बदलायचीच वस्तू आहे. ती वाकली, चेपली, तरी नवी मिळते. आर्मचं भोक मात्र जळालं किंवा लांबट झालं, तर वेल्डिंगने भरून पुन्हा लाईन बोअरिंग करावं लागतं आणि तोवर मशीन उभं. म्हणून घण उचलताना पिनची नाही, भोकाची काळजी कर.

आधी लॉकचा बोल्ट पूर्ण निघालाय ना, ते बघ. पुष्कळदा पिन गंजापेक्षा वजनानेच धरलेली असते. बकेट सपाट जमिनीवर टेकवून दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव. ऑपरेटरला आर्म केसभर वर-खाली घ्यायला सांग. तेव्हा तिथे कुणाचाही हात नको. भार उतरला, की इंजिन बंद करून हायड्रॉलिकचा दाब सोडायला लाव.

मार खाऊन पिनचं टोक फुललं असेल तर ती कड ग्राइंडरने घासून टाक, नाहीतर जाताना ती बुश ओरबाडेल. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दे. पिनच्या तोंडाला आटे असतील तर रॉड कसून पोकळ जॅकने ओढ. जॅकवर ताण ठेवून थोडं थांब आणि भोकाभोवतीच्या जाड लोखंडावर हलके ठोके दे. पिनच्या रेषेत कुणी उभं राहू नये. ती सुटते तेव्हा सांगून सुटत नाही.

ठोकावंच लागलं तर मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा तुकडा धर. पिन वरून कडक केलेली असते. थेट घाव बसला तर कपची उडते आणि डोळा जातो. चष्मा लावल्याशिवाय घण उचलायचा नाही.

उष्णता शेवटी, आणि तीही पिनला नाही, बाहेरच्या लोखंडाला. 80 मिलिमीटरचं भोक 100 अंशांनी तापलं, की साधारण 0.1 मिलिमीटर मोठं होतं. तेवढं पुष्कळदा पुरतं. लोखंड लाल करायचं कारण नाही. तापवण्याआधी ग्रीसचं निपल काढ, कारण आत कोंडलेलं ग्रीस तापलं तर दाबाने उसळून अंगावर येतं. सांडलेलं तेल पूस, होजवर ओलं गोणपाट टाक, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेव. आतलं सील जळेल, ते नवं आणून ठेव.

मालक घाई करील. त्याच्याशी वाद घालू नकोस. पिनची किंमत आणि बोअरिंगचा खर्च शेजारी-शेजारी लिहून दाखव. आणि नवी पिन बसली, की रोज काम सुरू होण्याआधी ग्रीस मारायचं काम हेल्परवर न सोडता स्वतःकडे घे.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा