हेडफोनचा आवाज किती आणि वेळ किती? – चौथी-पाचवीसाठी एक पाठ



परिसर अभ्यासात ज्ञानेंद्रियं शिकवताना डोळ्यांवर आपण भरपूर बोलतो. उजेडात वाचा, मोबाईल जवळून बघू नका वगैरे. कानाची पाळी आली की "कानात काडी घालू नका" एवढं सांगून आपण पुढं सरकतो. इकडं मुलांच्या दप्तरात कंपासपेटीच्या शेजारी इअरफोन गुंडाळून ठेवलेला सापडतो. २०२० साली 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' चाललं होतं, तेव्हा घराघरात बाबांचा मोबाईल मुलांच्या हातात आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल काही पूर्णपणे परत गेला नाही. आणि त्यासोबत आठवडी बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळणारा इअरफोनही आला. घरातल्या लोकांना बरंच वाटतं, कारण पोरगं गप्प बसतं, घरात गलका नाही. म्हणूनच त्याच्या कानात किती मोठ्यानं वाजतंय हे कोणालाच कळत नाही. टीव्ही मोठा झाला तर आजी ओरडते. इअरफोन मोठा झाला तर ओरडणारं कोणी नाही.

आधी कान कसा ऐकतो ते मुलांना सांगू. आवाजाची लाट कानाच्या पडद्यावर आदळते, पडदा थरथरतो, त्याला चिकटून असलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं ती थरथर आत ढकलतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. मुलांना हे फार आवडतं, पट्टीवर तीन मिलिमीटर दाखवायचेच. त्याच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, पाण्यासारख्या द्रवानं भरलेली नळी आहे. तिच्यात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. ऐकण्याचं खरं काम त्यांचं. आवाज आला की त्या झुलतात आणि मेंदूकडं निरोप जातो.

इथं मी धुऱ्यावरच्या गवताचं उदाहरण देते. गवतावरून एकदा माणूस गेला तर गवत दबतं आणि सकाळपर्यंत पुन्हा उभं राहतं. वरातीत डीजेजवळ नाचून आल्यावर कानाला दडे बसतात, कानात गुंई वाजतं आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, ते असंच. पण रोज त्याच जागेवरून माणसं गेली तर पायवाट पडते आणि तिथं गवत उगवत नाही. फरक एवढाच की धुऱ्यावर पुढच्या पावसाळ्यात गवत पुन्हा येईलही. माणसाच्या कानातल्या या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. त्यावर गोळी नाही, ड्रॉप नाही.

शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं पुढचं आहे. बारीक, उंच आवाज ओळखणाऱ्या पेशी त्या शंखाच्या तोंडाशीच असतात आणि मोठ्या आवाजाचा मार पहिल्यांदा बहुतेक त्यांनाच बसतो. त्यामुळं मूल बहिरं झालंय असं कोणालाच वाटत नाही. हाक मारली की ओ देतं, ढोल ऐकू येतो, ट्रॅक्टर ऐकू येतो. पण स, श, फ, छ असे हवेचे बारीक आवाज निसटू लागतात. मूल म्हणतं, "बाई, ऐकू येतं, पण कळत नाही." श्रुतलेखनात 'पास'चं 'पाच' होतं आणि आपण वहीवर 'लक्ष नसते' असा शेरा मारतो.

आपल्या वाशिम जिल्ह्यात यात आणखी एक गुंता आहे. मानोरा, मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरून येणाऱ्या कितीतरी मुलांची घरची भाषा गोरमाटी असते. मराठी शब्द ओळखीचा नाही म्हणून चुकला, की नीट ऐकूच आला नाही म्हणून चुकला, हे वेगळं करावं लागतं. त्यासाठी मी त्या मुलाच्या घरात रोज बोलले जाणारे शब्द घेते. तेही चुकत असतील तर कानाकडं बघायचं.

याची एक सोपी चाचणी वर्गात करता येते. मुलाच्या मागं एक हात अंतरावर उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. मुलानं एका कानाच्या पाळीजवळची छोटी कूर्चा हलकेच दाबून तो कान बंद करायचा. आपण पूर्ण श्वास सोडून कुजबुजत एखादं अक्षर आणि आकडे म्हणायचे, 'चार, स, सात' असं काहीतरी, आणि मुलानं ते परत म्हणायचं. मग दुसरा कान. पंखा बंद, दार लोटलेलं. मुलं याला खेळच समजतात. हे निदान नव्हे बरं का. कोणाला तपासणीला पाठवायचं एवढंच यातून समजतं.

आता गणिताचा तास. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३०, नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास. फोन फुल करून इअरफोन लावला तर बरेचदा १०० च्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित ऐकण्याची मर्यादा दिली आहे ती अशी: मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. आणि आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा. हा निम्म्याचा नियम म्हणजे आपल्यासाठी आयतं उदाहरण आहे. फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यायचं: ७५ ला ४० तास, ७८ ला २०, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच, ९० ला सव्वा तास. इथं पावकी-निमकी पाठ असलेले आजोबा भेटले तर त्यांना जरूर वर्गात बोलवा. पुढं मिनिटांत जायचं: ९३ ला साडेसदतीस मिनिटं, ९६ ला जेमतेम एकोणीस, ९९ ला नऊ. नऊ मिनिटं म्हणजे दोन गाणी. दिवसाला नव्हे, आठवड्याला! हा आकडा मुलांनी स्वतः काढलेला असला की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

पण फोनवर डेसिबल लिहिलेले नसतात, मग मुलांनी काय करायचं? आवाजाची पट्टी जास्तीत जास्त साठ टक्क्यांपर्यंत. शेजारी हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचं साधं बोलणं ऐकू आलं पाहिजे. आणि आपलं गाणं शेजाऱ्याला ऐकू जात असेल तर ते नक्कीच मोठं आहे. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाला कमाल मर्यादा घालायची सोय असते, काहींत तिला पिनही लावता येतो. पालकांनी हे एकदा करून टाकावं, पाच मिनिटांचं काम आहे.

आवाज वाढतो कुठं हे बघितलं तर बहुतेक वेळा गोंगाटात. एसटीत, ऑटोत, बाजूला पिठाची गिरणी चालू असताना. बाहेरचा आवाज झाकायला मूल पट्टी वर सरकवतं आणि घरी आल्यावरही ती तिथंच राहते. म्हणून प्रवासात गाणी नकोतच, असं माझं मत. ऐकायचंच असेल तर पूर्ण कान झाकणारा हेडफोन कानात खुपसायच्या बोंड्यांपेक्षा बरा, कारण बाहेरचा आवाज अडला की गाणं मोठं करावं लागत नाही. मात्र रस्त्यानं चालताना दोन्ही प्रकार बंद. सोयाबीनच्या हंगामात मालाचे ट्रक आणि ट्रॅक्टर कसे धावतात ते आपण सगळे बघतो, त्यात कानात गाणं वाजत असेल तर हॉर्न ऐकू येत नाही.

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी जाहीर केलं की त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी त्याचं कारण विषाणूचा हल्ला असं सांगितलं होतं. त्याच निवेदनात त्यांनी तरुणांना मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांबद्दल सावध केलं. मुलांना हे सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. 'हेडफोननं त्यांचे कान गेले' असं सांगणं सोपं आहे, पण खरं नाही. घाबरवायला खोटं वापरलं की पुढचं खरंही मुलं मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पुरेसा आहे: १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून जास्त लोकांना असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळं धोका आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही इअरफोनचा वापर दिवसाला दोन तासांच्या आत, मध्ये विश्रांती घेऊन करावा असं सुचवलं.

पालकांनी कशावर लक्ष ठेवायचं? टीव्हीचा आवाज सारखा वाढवणं, "काय?" "आं?" पुन्हा पुन्हा विचारणं, गर्दीत बोललेलं न कळणं, कानात शिट्टी किंवा किडा वाजल्यासारखं सांगणं. मात्र लगेच मोबाईलला दोष देऊ नका. लहान मुलांत ऐकू कमी येण्याचं कारण कानात साठलेला मळ किंवा कान फुटणं हेही पुष्कळदा असतं आणि त्यावर उपचार आहेत. कोमट तेल घालणं, सेफ्टी पिननं मळ काढणं अजिबात नको, पडदा फाटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्यांना संशयित मुलांची नावं आधीच काढून द्यावीत, म्हणजे गर्दीत ती निसटत नाहीत. नाहीतर वाशिमला जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं न्यावं. ऑडिओमेट्री म्हणजे कानाच्या ऐकण्याची मोजणी, ती दुखत नाही, हे मुलाला निघायच्या आधी सांगा. अचानक एका दिवसात ऐकू येणं कमी झालं तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आणि डीजे? त्यावर वेगळा लेख लागेल. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे वरातीत कोणाला सांगून बघा! तोपर्यंत लहान मुलांना स्पीकरच्या भिंतीपासून लांब, शक्यतो वरातीच्या मागच्या टोकाला ठेवावं.

३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. ३/३ हे दोन आकडे दोन कानांसारखे दिसतात म्हणून ही तारीख. त्या दिवशी परिपाठात दोन मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं आणि ऐकू आलेले आवाज वहीत लिहायचे. पाखरं, हातपंप, लांबून जाणारी गाडी, स्वयंपाकीण ताईंच्या भांड्यांचा आवाज. वह्या गोळा करून कोणाच्या यादीत बारीक आवाज कमी आहेत ते बघावं आणि त्या मुलांची कुजबुज चाचणी पहिल्यांदा घ्यावी.